ताऱ्याच्या पतनात न्यूट्रिनोचा वाटा



या व्याख्यानाच्या विषयाची निवड मजकडेच सोपविण्यात आली, तेव्हा चालकांपैकी एका वडीलधाऱ्या सद्गृहस्थांनी ‘आमच्या भागाला जवळचे असे काही सांगा’ एवढी एकच सूचना केली होती. आणि त्यानंतर मी ताऱ्यांच्या मृत्यूचा विषय कळविला, तेव्हा ती सूचना मी धाब्यावर बसविली अशी त्यांची समजूत झाली असल्यास नवल नाही. वस्तुतः तसे नाही. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत जो आपल्याच परभणी जिल्ह्यात मोडत होता, त्या औंढा नागनाथच्या परिसरात, दुधाळा गावच्या शिवारात, परस्परांशी काटकोन करणाऱ्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांस मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिची कोनशिला बसली. आकाशातील ज्या घटनांची चाहूल घेण्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांत प्रचंड ताऱ्याचे पतन ही एक आहे. आणि त्या पतनाची हकिकत न्यूट्रिनो या कणाला वगळून सांगताच येत नाही.

आपल्या मुलखाचा आणि आकाशाचा संबंध तसा याहून जुना आहे. आपण हैदराबाद संस्थानात असताना, नवाब जफर जंग या हौशी सरदाराने विलायतेहून दुर्बीण आणवून उभारलेली निजामिया वेधशाळा १९०८ मध्ये सरकारी खात्यात जमा झाली, आणि अखिल आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा तयार करण्याची जी आंतरराष्ट्रीय योजना त्या काळी चालू होती, तिच्यातील काही पट्ट्यांचे काम तिच्या वाट्यास आले. मराठवाड्याच्या रयतेने भरलेल्या शेतसाऱ्यातील हाली सिक्क्याचे काही रुपये त्या काचेच्या तबकड्यांवर खर्ची पडले असणारच. आणि त्या अमदानीतील खर्चाच्या इतर बाबी पाहता ही बाब उजवीच म्हणावी लागेल.

आता मूळ विषयाकडे वळू. तारा जिवंत असतो याचा अर्थ, त्याचे सर्व द्रव्य स्वतःच्याच भाराने केंद्राकडे कोसळू पाहत असते आणि गाभ्यातील उष्ण द्रव्याचा दाब त्यास थोपवून धरतो. ही उष्णता हलकी अणुकेंद्रे एकत्र येऊन जड अणुकेंद्रे घडण्यातून मिळते. सूर्याच्या पंचवीसपट वस्तुमानाचा एखादा तारा उदाहरणादाखल घेतला, तर हायड्रोजनाचे हेलियम करण्यात त्याची सुमारे सत्तर लाख वर्षे जातात. हेलियमावर तो आणखी काही लाख वर्षे काढतो. कार्बनाचे ज्वलन सहाएकशे वर्षांत आटोपते, निऑनाचे वर्षभरात, ऑक्सिजनाचे सहाएक महिन्यांत. आणि सिलिकनाचे लोह होण्यास अवघा एक दिवस पुरतो. सत्तर लाख वर्षांच्या आयुष्यातील शेवटचा टप्पा एका दिवसाचा! जड इंधनापासून ऊर्जा कमी मिळते हे याचे एक कारण खरे, पण तेवढ्याने ही घाई उलगडत नाही. मुख्य कारण गळतीचे आहे.

गाभ्यात उत्पन्न झालेला प्रकाश सरळ बाहेर पडत नाही; पावलोपावली अडत, वळत, शोषला जाऊन पुन्हा उत्सर्जित होत त्याची ऊर्जा पृष्ठभागाशी पोहोचण्यास हजारो वर्षे लागतात, आणि म्हणूनच तारा आपली उष्णता दीर्घकाळ राखून असतो. परंतु गाभ्याचे तापमान पन्नास कोटी अंशांच्या पलीकडे गेले, की तेथे इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या जोड्या निर्माण होऊ लागतात. त्या जोड्या नष्ट होताना बहुधा प्रकाश देतात, पण अत्यंत क्वचित प्रकाशाऐवजी न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो यांची जोडी देतात, आणि ही जोडी ताऱ्याच्या अंगातून, जणू तेथे काहीच नाही अशा रीतीने, तत्काळ निघून जाते. ज्या दौलतीचा महसूल रीतसर मार्गाने खर्ची पडण्यास वर्षानुवर्षे लागतात, पण जिच्या तिजोरीच्या मागच्या भिंतीला खिंडार पडले आहे, तिचा कारभार जेवढ्या झपाट्याने दिवाळखोरीकडे जाईल, तेवढ्याच झपाट्याने हा तारा अखेरीकडे जातो. आणि बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दर्शनी भागात काहीच फरक दिसत नाही. कार्बनाच्या ज्वलनापासून पुढे ताऱ्याच्या ऊर्जेचा मोठा भाग प्रकाशाच्या नव्हे, तर न्यूट्रिनोंच्या वाटेने बाहेर पडतो.

या कथेची दोन सूत्रे एकाच वर्षी हाती आली. १९३० च्या जुलैअखेरीस मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघालेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या एकोणीस वर्षांच्या तरुणाने प्रवासातच एक गणित मांडले, त्यावरून असे दिसून आले, की निव्वळ इलेक्ट्रॉनांच्या दाबावर उभा असलेला ताऱ्याचा गाभा एका ठरावीक वस्तुमानापलीकडे, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटींपलीकडे, उभा राहूच शकत नाही. त्याच वर्षी ४ डिसेंबरला वोल्फगांग पाउली याने ट्युबिंगेन येथे जमलेल्या शास्त्रज्ञांना पत्र लिहून, किरणोत्सारात ऊर्जेचा जो हिशेब जुळत नव्हता तो जुळविण्यासाठी एका विद्युत्भाररहित, अदृश्य कणाची कल्पना सुचविली. मुंबईहून निघालेल्या तरुणाचा जड गाभा आणि पाउलीचा नगण्य कण यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसावे. त्या कणास ‘न्यूट्रिनो’ हे नाव रूढ करणारा एन्रिको फर्मी. आणि १९३४ मध्ये हान्स बेथे व रुडॉल्फ पायर्ल्स यांनी तर, हा कण प्रत्यक्ष पकडण्याचा व्यवहार्य मार्गच नाही, असा निर्वाळा देऊन टाकला. बेथे यांचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

लोहापाशी ताऱ्याचा निरुपाय होतो, कारण लोहाच्या अणुकेंद्रांचा संयोग करून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्चावी लागते. सिलिकनाच्या राखेतून हा लोहाचा गाभा वाढत वाढत चंद्रशेखरांच्या मर्यादेशी येऊन ठेपला, की दोन गोष्टी एकदम घडतात. अतितप्त प्रकाशाच्या माऱ्याने लोहाची अणुकेंद्रे फुटू लागतात व त्या फुटण्यात उष्णता खर्च होते. आणि ज्या इलेक्ट्रॉनांच्या दाबावर गाभा तरलेला, ते इलेक्ट्रॉनच प्रोटॉनांमध्ये दडपले जाऊन न्यूट्रॉन बनू लागतात. अशा प्रत्येक घटनेत एक न्यूट्रिनो जन्मास येतो व निघून जातो. आधार जातो आणि ऊर्जाही जाते. परिणामी हजाराहून अधिक किलोमीटर त्रिज्येचा तो गाभा, एका सेकंदाच्या आतच, प्रकाशाच्या वेगाच्या चतुर्थांशापर्यंत वेग गाठीत केंद्रावर कोसळतो. ताऱ्याच्या बाहेरच्या थरांना या गोष्टीची वार्ताही नसते.

येथपर्यंत न्यूट्रिनो हा सर्वस्वी अपहार करणारा ठरला. यापुढे मात्र त्याचे शील बदलते. आणि मला विचाराल, तर या संबंध प्रकरणातील सर्वांत मनोवेधक भाग हाच. शिसे घेतले, तर सूर्याकडून येणाऱ्या सामान्य न्यूट्रिनोला अडविण्यास प्रकाशवर्षभर जाडीची भिंत लागेल. असा कण कोणी कोंडून ठेवील असे वाटत नाही. पण कोसळत्या गाभ्याची घनता घन सेंटिमीटरमागे दहा लाख टनांच्या आसपास गेली, की तो अडकतो. १९७३ मध्ये न्यूट्रिनोंच्या आंतरक्रियेचा एक नवा प्रकार जिनिव्हाजवळील प्रयोगशाळेत आढळला आणि १९७४ मध्ये डॅनियल फ्रीडमन याने दाखवून दिले, की त्या प्रकाराने न्यूट्रिनो संपूर्ण अणुकेंद्रावर एकसंधपणे आपटतो व म्हणून जड अणुकेंद्रांच्या गर्दीत त्याची वाट अपेक्षेहून कितीतरी पटींनी बिकट होते. (हा एकसंध आघात प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजला जाण्यास २०१७ साल उजाडले.) विश्वातील सर्वांत मोकाट कण अशा रीतीने काही सेकंदांपुरता बंदिवान होतो, आणि त्याबरोबर पतनातून निर्माण झालेली जवळजवळ सारी ऊर्जाही.

गाभ्याची घनता अणुकेंद्राच्या घनतेशी, म्हणजे घन सेंटिमीटरमागे पंचवीसएक कोटी टनांशी येऊन ठेपली, की द्रव्य एकाएकी ताठर होते, कोसळणारा गाभा उसळी घेतो आणि त्या उसळीतून एक आघाततरंग बाहेर निघतो. पूर्वी अशी समजूत होती, की हाच तरंग थेट पृष्ठभागापर्यंत जाऊन ताऱ्याच्या चिंधड्या उडवीत असावा. गणिताने ती समजूत टिकू दिली नाही. वाटेत भेटणाऱ्या लोहाची अणुकेंद्रे फोडण्यातच तरंगाची शक्ती खर्च होते आणि केंद्रापासून शे-दोनशे किलोमीटरवर तो थबकतो. वरून द्रव्य कोसळतच असते. येथे दुसरे काही घडले नाही, तर ताऱ्याचे कृष्णविवर होईल व स्फोट होणार नाही. काही ताऱ्यांच्या बाबतीत तसे होतही असावे.

१९६६ मध्ये स्टर्लिंग कोलगेट व रिचर्ड व्हाइट यांनी, गाभ्यातून निघणारे न्यूट्रिनोच स्फोट घडवीत असावेत, अशी कल्पना मांडली होती. पुढे जेम्स विल्सन याने संगणकावरील आपले गणित, इतर जेथे थांबत त्याच्या बरेच पुढे चालू ठेवले. तेव्हा थबकलेला तरंग सेकंदाच्या काही अंशांनंतर पुन्हा हालचाल करू लागलेला आढळला. गाभ्यातून झिरपत बाहेर पडणाऱ्या न्यूट्रिनोंपैकी शेकडा पाच-दहा तरंगाच्या मागील द्रव्यात शोषले जात होते आणि तेवढ्या उष्णतेवर तो मेलेला तरंग जिवंत होत होता. या यंत्रणेचे विवरण करणारा निबंध विल्सनच्या जोडीने १९८५ मध्ये प्रसिद्ध करणारे शास्त्रज्ञ म्हणजे तेच हान्स बेथे, ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी न्यूट्रिनो कधी सापडणार नाही असे लिहिले होते! मधल्या काळात, १९५६ मध्ये, फ्रेडरिक राइन्स व क्लाइड कोवन यांनी अणुभट्टीशेजारी तो पकडलाही होता. ऐंशीच्या घरात आलेल्या बेथे यांनी जुन्या निर्वाळ्याची तमा न बाळगता त्याच कणाच्या हाती ताऱ्याचे भवितव्य सोपवावे, यात मला तरी त्यांचा मोठेपणाच दिसतो.

हिशेब पाहा. अशा पतनात जी ऊर्जा मोकळी होते, तिचा शेकडा ९९ भाग न्यूट्रिनो घेऊन जातात. सुमारे शेकडा एक भाग ताऱ्याचे थर उधळून देण्यात खर्च होतो. आणि ज्या झगमगाटाला आपण अतिनवतारा म्हणून डोळे विस्फारून पाहतो, तो प्रकाश म्हणजे त्या शेकडा एकाचाही एक लहानसा अंश. सूर्य आपल्या हजार कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल, तिच्या शेकडो पट ऊर्जा न्यूट्रिनोंच्या रूपाने दहाएक सेकंदांत बाहेर पडते. आणि तरीही स्फोट होतो की नाही हे त्यांतील शेकडा एकाच्या वर्तनावर अवलंबून असल्यामुळे, गणितात कोठे बारीकशी ढिलाई झाली तरी निकाल फिरतो. विल्सनचा तारा गणितात फुटला, नंतरच्या अनेकांचा फुटेना. तरंगामागील द्रव्य उकळते, घुसळते, एका बाजूस झुकते, हे सारे तिन्ही मितींत मांडता येऊ लागल्यावर अलीकडच्या वर्षांत पुष्कळ ठिकाणी ते फुटू लागले आहेत. प्रश्न मिटला असे मात्र मी म्हणणार नाही. संगणकातील तारा फुटला, म्हणून आकाशातील तारा त्याच कारणाने फुटतो असे सिद्ध होत नाही. त्यासाठी साक्ष लागते.

ती साक्ष एकदाच मिळाली आहे. सोमवार, २३ फेब्रुवारी १९८७. आपल्याकडे दुपारचे एक वाजून पाच मिनिटे झाली होती. महाशिवरात्र तीन दिवसांवर आलेली, शिवारात रब्बीची ज्वारी काढणीला आलेली. त्या मिनिटाला सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवरील मोठ्या मॅगेलनी मेघातील एका निळ्या महाताऱ्याच्या पतनाची वर्दी पृथ्वीवर पोहोचली. परभणीच्या अक्षांशावरून हा मेघ दक्षिण क्षितिजावर जेमतेम दीड अंश वर येतो, आणि त्या घटकेस तर तो क्षितिजाखाली होता. म्हणून हे न्यूट्रिनो पृथ्वीचा गोल भेदून आपल्या पायाखालच्या काळ्या जमिनीतून वर आले आणि माणसे, जनावरे, कडब्याच्या गंजी यांतून पार होऊन आकाशात निघून गेले. दर चौरस सेंटिमीटरमागे त्यांची संख्या हजार कोटींहून कमी नव्हती. कोणालाही काही कळले नाही.

जपानात कामिओका येथील खाणीत, डोंगराच्या पोटात हजार मीटर खाली, तीन हजार टन शुद्ध पाण्याचे एक पिंप होते. त्याच्या आतील भिंतीला, वीस इंच व्यासाचे काचेचे सुमारे हजार डोळे लावलेले होते. पाण्यातील एखाद्या प्रोटॉनावर प्रतिन्यूट्रिनो आदळून वेगवान पॉझिट्रॉन निघाला, की त्याच्यामागे निळसर प्रकाशाचा एक शंकू उमटतो आणि हे डोळे तो टिपतात. पिंप बांधले होते ते वेगळ्याच हेतूने, प्रोटॉनाचा ऱ्हास होतो की काय हे पाहण्यासाठी. तो ऱ्हास दिसला नाही, तेव्हा मासातोशी कोशिबा यांनी यंत्रात सुधारणा करून ते सूर्याच्या न्यूट्रिनोंसाठी सज्ज केले; आणि ती तयारी पुरती होऊन फार दिवस झाले नाहीत तोच हा प्रकार घडला. तेरा सेकंदांत अकरा कण. अमेरिकेत ईरी सरोवराकाठच्या मिठाच्या खाणीतील तशाच पिंपात आठ. तेथील वीजपुरवठ्याच्या बिघाडामुळे चतुर्थांश डोळे त्या वेळी मिटलेले होते. कॉकेशसमधील बाक्सान येथे पाच. सर्व मिळून चोवीस! या चोवीस कणांवर तेव्हापासून किती शोधनिबंध लिहिले गेले, याची मोजदाद करणे व्यर्थ आहे. त्यांची ऊर्जा, त्यांची संख्या आणि दहा-बारा सेकंदांचा कालावधी हे सारे, बंदिवान न्यूट्रिनो झिरपत बाहेर पडतात या गणिताशी जुळले. ते बाहेर पडतात ताबडतोब, पण आघाततरंगाला ताऱ्याचे सर्व थर ओलांडून पृष्ठभागाशी येण्यास काही तास लागतात, म्हणून प्रकाश मागाहून आला. चिलीमधील लास काम्पानास येथे इयन शेल्टन व ओस्कार दुआल्दे यांनी तो नवा तारा पाहिला तो २४ तारखेस. कोशिबा पुढच्याच महिन्यात विद्यापीठातून निवृत्त झाले. २००२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या फुटलेल्या ताऱ्याच्या जागी न्यूट्रॉन तारा शिल्लक राहिला असल्याची भक्कम चिन्हे अवकाशातील वेब दुर्बिणीने टिपली, ती २०२४ मध्ये जाहीर झाली.

या विद्येत आपला देश पाठीमागे होता असा कोणाचा ग्रह असल्यास तो दूर करावयास हवा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर, ओसाका व डरहॅम येथील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. मेनन, श्रीकांतन, नरसिंहम् ही त्यांतील ठळक नावे. दक्षिण आफ्रिकेतील खाणीत राइन्स यांचा गट त्याच कामावर होता. त्यांना पहिला कण त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला दिसला, पण छापील वृत्तांत प्रथम कोलारचा आला. ही तारीख आणि बावीस वर्षांनंतरची ती तारीख एकच, हा निव्वळ योगायोग असून त्यात ज्योतिषाला हात घालण्याजोगे काही नाही. पुढे सोन्याची खाण तोट्यात गेली आणि २००१ मध्ये बंद झाली. त्यापूर्वीच प्रयोगही थांबले होते. तमिळनाडूत डोंगराखाली न्यूट्रिनो वेधशाळा बांधण्याची योजना मंजूर होऊनही विरोधात अडकून पडली. स्थानिकांच्या शंकांचे निरसन करण्याचे काम आपण दुय्यम मानले, हे त्यामागील एक कारण असावे असे माझे मत आहे. दुधाळ्याच्या बाबतीत तरी ते पुन्हा होऊ नये.

दुधाळ्याचे यंत्र न्यूट्रिनो पकडणार नाही. पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर यांच्यासारख्यांनी ज्यांच्या शोधाची गणिती पद्धत वर्षानुवर्षे घडविली, त्या गुरुत्वीय तरंगांसाठी ते आहे. पतनाच्या क्षणी गाभ्याची उसळी सर्व दिशांना सारखी नसल्यामुळे अवकाश किंचित थरथरते. ऊर्जेच्या हिशेबात ही थरथर न्यूट्रिनोंच्या पासंगालाही पुरणार नाही, आणि आपल्या आकाशगंगेबाहेरील ताऱ्याची तर ती ऐकूही येणार नाही. पण उसळी नेमकी केव्हा आली आणि तरंगामागील द्रव्य कसे घुसळले, हे ती थेट सांगू शकेल. प्रकाश पृष्ठभागाचा असतो. गाभ्यातून निघून वाटेत जवळपास न अडता येणारे साक्षीदार हे दोनच. कामिओकात आता पन्नास हजार टनांचे पिंप आहे आणि आकाशगंगेच्या मध्याजवळ तारा कोसळला तर तेथे चोवीस नव्हे, हजारो कण सापडतील. दुर्दैवाने आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ चा.

यापुढचा कोणता? येथील शेतकऱ्याला मृगानंतरचे आर्द्रा नक्षत्र पेरणीच्या हिशेबाने ठाऊक असते. त्या नक्षत्राचा जो तांबडा तारा, ज्याला आपण काक्षीही म्हणतो, तो अशाच अखेरीच्या वाटेवर आहे. सूर्याच्या पंधरा-वीसपट वस्तुमानाचा, सहाएकशे प्रकाशवर्षांवरचा. २०१९ च्या अखेरीस तो एकाएकी मंद झाला तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची मृत्युघटिका जाहीर करून टाकली. पण तो धुळीचा पडदा निघाला, आणि त्याची अखेर येण्यास अजून लाखभर वर्षे असू शकतात. मात्र इतक्या जवळचा तारा असेल, तर सिलिकन जळण्याच्या त्या शेवटच्या दिवसात गाभ्यातून गळणारे न्यूट्रिनोही कामिओकासारख्या यंत्रांना पतनापूर्वी काही तास कळतील. जगातील न्यूट्रिनो वेधशाळांची एक सामायिक इशारायंत्रणा यासाठी सज्ज ठेवलेली आहे. तिचा निरोप आला, की दुरुस्तीसाठी बंद ठेवलेले यंत्र चालू करण्यास दुधाळ्याच्या कर्मचाऱ्यांना तेवढी मुदत मिळेल.